स्टीलची वाटी

“वाटी ओव्हनच्या शेजारीच होती, मालन. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.”

“शेजारी हुती न्हवं बाई? आत तर न्हवती?”

“उलट बोलू नकोस.”

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि आत पाऊल टाकावं की अंगणात जाऊन थांबावं, हे मला कळत नव्हतं. ओट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हन मेल्यासारखा पडला होता. महिन्यात तिसऱ्यांदा त्याचा फ्यूज उडाला होता आणि तिसऱ्यांदा मला बोलावणं आलं होतं.

बाई म्हणजे ताम्हनकरबाई. सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं नोकरी केलेल्या, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन चार वर्षं उलटली होती, तरी त्यांच्या गल्लीतून जाताना मोठाली माणसं सायकलवरून खाली उतरायची. माझी थोरली बहीण त्यांच्या हाताखाली शिकली, त्यामुळं त्या मला अरेतुरेच करायच्या आणि मीही त्यांच्यासमोर नकळत हात मागं बांधून उभा राहायचो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मिक्सर, इस्त्री, टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं.

मालनमावशी बाईंकडं नऊ वर्षं स्वयंपाक करत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाजानं खणखणीत. त्या दिवशी त्यांचे हात कणकेत होते आणि त्या बाईंकडं सरळ बघून बोलत होत्या.

“त्या पेटीला मी हातबी लावत न्हाई. मला भ्या वाटतं तिचं. काय गरम करायचं झालं तर मी ग्यासवर करते. नऊ वर्सं करते. कदी बोलला न्हाईसा तुमी.”

“मग फ्यूज काय आपोआप उडतो?” बाई माझ्याकडं वळल्या. “हा बघ, बसवराज आलाच. विचार त्याला. आत स्टीलचं भांडं गेलं की फ्यूज उडतो, असं तोच म्हणाला होता. म्हणाला होतास की नाही रे?”

म्हणालो होतो. पहिल्या खेपेला, चहाचा कप हातात असताना. बाईंनी विचारलं होतं, “कशानं उडाला असेल?” आणि मी म्हणालो होतो, “कुणीतरी स्टीलचं भांडं ठेवलं असेल आत.” हे मी तपासून बोललो नव्हतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं ‘कशानं गेलं’ असं विचारलं की काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ‘ठाऊक नाही, बघावं लागेल’ म्हणणारा मिस्त्री कुणालाच आवडत नाही. मग उंदीर, व्होल्टेज, घरातली पोरं आणि कामवाली, ह्या चारांतल्या एकावर ढकलून आम्ही मोकळे होतो. बाईंच्या घरात उंदीर नव्हते, पोरंही नव्हती. मुलगा पुण्याला, त्यानंच आईच्या वाढदिवसाला हा ओव्हन धाडला होता.

खरं म्हणजे स्टीलच्या भांड्यानं आत ठिणग्या उडतात, कडकड आवाज येतो, भिंतीला काळा डाग पडतो. फ्यूज सहसा जात नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक होतं का? होतं, अर्धंमुर्धं. आणि आत एकही काळा डाग नव्हता, हेही मी पाहिलं होतं.

“अं, हो,” मी म्हणालो. “म्हणजे तसं होऊ शकतं.”

मालनमावशींनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो. तो वरच होता.

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. “चूक झाली असं म्हणाली असतीस तर मी एका शब्दानं बोलले नसते. चुका मुलीही करतात. पण खोटं मला चालत नाही, मालन. उद्यापासून येऊ नकोस.”

 मालनमावशींनी कणकेचा गोळा पुरा मळला, तेलाचा हात लावला, ओलं फडकं पिळून त्यावर झाकलं. मग हात धुतले आणि मागच्या दारानं गेल्या. मी फ्यूज बदलला, आत पेलाभर पाणी ठेवून गरम करून दाखवलं आणि पुढच्या दारानं गेलो.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी दुपारी, बाईंचा पुन्हा फोन आला.

“बसवराज, उडाला.”

“कोण वापरत होतं, बाई?”

“मीच. जेवता जेवता. ये लवकर.”

माझं दुकान दोन गल्ल्या सोडून. सायकल काढली आणि पॅडल मारता मारता माझं डोकं तापायला लागलं. मालनमावशींना जाऊन तीन आठवडे झाले होते. नवीन बाई सकाळी पोळीभाजी करून नऊलाच जायची. मग आता स्टीलची वाटी कुणी ठेवली? मालनमावशींची चूक नव्हती, हे बाई स्वतःच्या तोंडानं म्हणतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय!

बाई टेबलाशी ताटावर बसल्या होत्या. भात अर्धा उरला होता. मला बघून म्हणाल्या, “तिनंच आधी बिघडवून ठेवलाय. आता त्याचे परिणाम दिसतायत.”

 माणूस घरातून गेलं तरी आरोप मागं ठेवून गेलं म्हणायचं!  मी कव्हर उघडून नवा फ्यूज बसवायला घेतला.

“एक काम कर,” बाई म्हणाल्या. “जाड फ्यूज घाल ना. म्हणजे उडायचाच नाही.”

“नाही, बाई. जाड घातला तर फ्यूज राहील आणि बाकी सगळं जळेल. त्याआधी तुम्हाला इजा होईल.” आणि मग, पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते मी चौथ्या खेपेला विचारलं. “बाई, फ्यूज नेमका कधी जातो? सुरू करताना, चालू असताना की दार उघडताना?”

“ते मी काय बघत बसते? मी जेवत असते.”

“मग जेवा. नेहमी करता तसं करा. मी इथं बघत उभा राहतो.”

मी फ्यूज बसवून कव्हर लावलं. बाईंना ते फारसं आवडलं नाही, पण भात निवत होता. चिनी मातीच्या वाटीत आमटी होती. ती त्यांनी डाव्या हातानं आत ठेवली, डाव्याच हातानं बटण दाबलं, दोन मिनिटं आकड्यात आली आणि त्या ताटावर जाऊन बसल्या. दोन घास खाल्ले. मग उठल्या, ताट डाव्या हातात घेतलं आणि ओव्हनकडं आल्या. काचेवरचा आकडा अजून एक मिनिट दहा सेकंद दाखवत होता. आतला दिवा चालू, थाळी फिरत होती. बाईंनी उजवा हात अंगापासून लांब धरला, दाराच्या मुठीत उजवं कोपर अडकवलं आणि दार खसकन ओढलं.

आत ‘फट्’ झालं. दिवा गेला.

“बघ!” बाई म्हणाल्या.

मी बघितलं होतं.

“बाई, तुम्ही रोज असंच काढता?”

“मग कसं काढणार? दोन मिनिटं थांबले तर इकडं भात गार होतो. आमटीला एक मिनिट पुरतं.”

“पण आधी हे बटण दाबून थांबवायचं. मग दार उघडायचं.”

बाईंनी उजवा हात माझ्यासमोर उभा धरला. बोटांना आमटी-भात लागला होता. “खरकट्या हातानं? बटणाला उष्टं लावू? आमच्या घरात असलं चालत नाही. आणि दार उघडलं की बंद होतोच की तो.”

मी भिंतीतली पिन काढली, आतला विजेचा साठा नीट उतरवला आणि मीटर घेऊन खाली बसलो. ह्या ओव्हनच्या दाराच्या कडेला तीन बारके स्विच असतात. दार उघडलं की दोन स्विच वीज तोडतात, म्हणजे आतला ताप बाहेर माणसावर येत नाही. तिसरा स्विच पहाऱ्यावर असतो. दार उघडूनही पहिला स्विच चिकटून राहिला, तर हा तिसरा मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणजे फ्यूज जात होता तो बिघाडामुळं तर खराच, पण बाईंना जपायलाच जात होता.

दार सताड उघडं ठेवून मी पहिल्या स्विचला मीटर लावलं. मीटर गप्प राहायला हवं होतं. ते पीं करून ओरडलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं स्विचवर एक टिचकी मारली. आवाज थांबला. दार लावून पुन्हा उघडलं, पुन्हा टिचकी, कधी ओरडायचं, कधी नाही. स्विच काढून फोडला तर आतली दोन्ही टोकं जळून काळी झाली होती. ओव्हन पूर्ण जोरात चालू असताना कुणीतरी रोज, दोन वेळा, दार ओढत होतं.

सगळं मी बाईंना दाखवलं. मीटरही त्यांच्या कानाशी धरलं. शिकवणाऱ्या बाई, लगेच समजलं त्यांना. त्या ताट तसंच ठेवून हात धुऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या.

“म्हणजे हे मी करत होते.”

“हो.”

“वाटीचा काही संबंध नाही.”

“काहीच नाही. मालनमावशींनी तर हात लावला नव्हता.”

मी वाट बघत होतो. मुलींना चूक कबूल करायला शिकवण्यात एकोणतीस वर्षं घालवलेली ही बाई आता काय म्हणते, हे मला ऐकायचं होतं.

बाई म्हणाल्या, “स्विच किती वेळात मिळेल?”

“आजच मिळेल. पण मालनमावशींना—”

“तिला काही कळवायची गरज नाही. नवीन बाई ठेवलीय मी, बरी आहे ती. झालं ते झालं.” मग त्या म्हणाल्या, “आणि बसवराज, स्टीलचं मी माझ्या मनानं बोलले का? तू म्हणालास म्हणून बोलले.”

हे खरं होतं. वर त्या म्हणाल्या, “शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं वायरिंग निघालंय. तुझं नाव सुचवते मी.”

मी संध्याकाळी स्विच बसवून दिला. “थँक्यू बाई,” असंही म्हणालो. आज चौदा वर्षांनी हे लिहितानाही माझ्या ह्या थँक्यूचा मला राग येतो.

शनिवारी त्याच गल्लीत आरवाडेकाकूंकडं मिक्सर बघायला गेलो. काकू स्वतःच भाजी चिरत होत्या. “कामाला बाईच मिळेना बघा,” त्या म्हणाल्या. “मालन होती, पण तिला सोडली आम्ही. शेजारच्या मगदूम डॉक्टरांनीपण सोडली. ताम्हनकरबाईंचं एवढं महागाचं यंत्र जाळलं म्हणे तिनं, वर खोटं बोलली. बाई कशाला उगीच सांगतील? आणि तुम्हीच ओळखलंत ना ते, स्टीलची वाटी?”

मी मिक्सरचं भांडं उजेडाकडं धरून त्याचं पातं बघत राहिलो. पात्याला काही झालं नव्हतं. एका घरातलं काम गेलं एवढंच मी धरून चाललो होतो. इथं माझ्या नावाचा शिक्का मारून मालनमावशींना गल्लीभर खोटारडी ठरवलं होतं, तिन्ही घरं गेली होती, आणि मी काय करत होतो? पातं बघत होतो.

रविवारी सकाळी रेल्वे फाटकापलीकडं विचारत विचारत मालनमावशींचं घर शोधलं. त्या दारात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“काय मिस्त्री? आता काय जळालं?”

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्विच, कोपर, खरकटा हात, फट् झालेला आवाज. त्या सुपातले खडे वेचत ऐकत होत्या. कोपराचं ऐकल्यावर मात्र थांबल्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “कोपरानंच उघडायच्या त्या. मी बघायचे की रोज. मला काय ठावं त्यानं असं हुतं!”

“चूक माझी होती, मावशी. मी न तपासता बोललो. तुमची काहीच चूक नव्हती.”

“हे मला सांगायला आला?”

“हो. तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून.”

मालनमावशींनी सूप खाली ठेवलं. आवाज चढला तसा शेजारच्या घरातल्या दोघी बाहेर आल्या. “मला ठावं न्हवतं व्हय, मी वाटी ठिवली का न्हाई ते? माझी चूक न्हाई हे मलाच सांगाय एवढ्या लांब सायकल मारत आला? ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी जाऊन सांगा की! आरवाडेकाकूस्नी सांगा. डाक्टरीणबाईस्नी सांगा. तितं गप, आन हितं येऊन तोंड उघडताय?”

 “जातो,” मी म्हणालो. “उद्या सकाळीच—”

“उद्या न्हाई. आत्ता.” त्या उठल्या. पदर झटकला, चपला पायात सारल्या. “आन मी बी येनार. तुमी काय बोलताय ते माझ्या कानानं ऐकायचं हाय मला.”

मी सायकल हातात धरून आणि त्या पुढं, असे आम्ही गल्लीत आलो. आरवाडेकाकूंच्या दारात मी सगळं सांगितलं. काकू आधी माझ्याकडं, मग मालनमावशींकडं बघत म्हणाल्या, “अगं बाई, असं होय!” मगदूम डॉक्टरांच्या घरी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिथं मी जरा घाईनं बोललो तर मालनमावशी मागनं म्हणाल्या, “नीट सांगा. काकूस्नी सांगितलं तसं.” मी पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सोमवारपासून येशील का गं?” मालनमावशींनी लगेच हो म्हटलं नाही. “सांगते,” म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. सायकल वळवली.

“बाईंचं दार ऱ्हायलं,” मालनमावशी म्हणाल्या.

“बाईंना ठाऊक आहे, मावशी. त्यांनाच तर दाखवलं मी.”

“चला.”

फाटकाचा आवाज ऐकून बाई व्हरांड्यात आल्या. आरवाडेकाकू आपल्या कठड्याशी येऊन उभ्या होत्या, डॉक्टरीणबाईही. बाईंनी ते बघितलं आणि आवाज शाळेतल्यासारखा केला.

“मालन, काय हवंय तुला? काम हवंय का परत?”

“काम नगं. ह्यांचं ऐकून घ्या, येवढंच.”

मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. हात मागं बांधले नव्हते, सायकल धरायची होती म्हणून. पण कोपरापर्यंत येण्याआधीच बाईंनी हात वर केला.

“पुरे, बसवराज. पुन्हा पुन्हा तेच नको. मला माहीत आहे ते सगळं.”

“कवापासनं, बाई?” मालनमावशींनी विचारलं.

 बाईंनी हातातला चष्मा घडी करून पदरानं पुसायला घेतला. कठड्याशी आरवाडेकाकू मान पुढं काढून ऐकत होत्या. मालनमावशी फाटकातून हलल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न तितक्याच शांतपणे पुन्हा विचारला.

“कवापासनं?”

“बुधवारपासून,” मी म्हणालो. “आम्हाला दोघांनाही.”

मालनमावशींनी बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग पदर कमरेला खोचला आणि एकट्याच गल्लीतून चालू लागल्या.